सातवी ओळ

"घडाला हात कसा लावावा, तर तापल्या लेकराच्या कपाळाला लावतो तसा. आधी हात, मग कात्री."

धोंडाबाईचा हा आवाज लंकाबाईनं ऐकला त्याला तीस वर्षं होऊन गेली. सायखेड्याच्या शिवारात, द्राक्षाच्या मांडवाखाली, मार्गशीर्षातल्या थंडीत ती टोळीची म्हातारी मुकादम गावात नवी सून म्हणून आलेल्या लंकाबाईला विरळणी शिकवत होती. घडात मण्यांची दाटी झाली की ते एकमेकांना फुगू देत नाहीत. म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच अणकुचीदार कात्रीनं मधले मधले कापून टाकायचे. मान मागं टाकायची, हात डोक्यावर न्यायचे आणि दिवस मावळेपर्यंत ते खाली आणायचे नाहीत. म्हातारी काम करता करता म्हणायची,

वेलीच्या मांडवात, बाई मी मान वर केली
हिरव्या आभाळात, माझी उमर वेचली

धोंडाबाई गेली आणि टोळी लंकाबाईकडे आली. अठरा बायका, अठरा कात्र्या. लंकाबाईनं नजर फिरवली की अठरा तोंडं गप होत आणि तिनं ओवी धरली की अठरा गळे उचलून धरत. सायखेड्यापासून पार चांदोरीपर्यंत बागायतदार म्हणत, लंकाबाईची टोळी येऊन गेली की मागं फिरून बघावं लागत नाही.

आता लंकाबाईलाच मागं फिरून बघता येत नव्हतं.

आषाढात तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. गळ्याच्या पुढून चीर दिली, मणक्यांमधली बाहेर आलेली चकती काढली, तिच्या जागी बोटाच्या पेराएवढा ठोकळा बसवला आणि वर पट्टी ठोकली. दीड महिना गळ्यात पट्टा होता. तो निघाला तेव्हा लेक म्हणाली, सुटलीस गं आई. पण पट्टा निघाला आणि ताठपणा आतच राहिला. मान वळत नव्हती, लंकाबाईच वळायची. कुणी हाक मारली की बिजागरीवरच्या दारासारखी अख्खी फिरायची. उजवा खांदा कानाला चिकटल्यासारखा वर चढून बसला होता. वेणी घालायला हात मागं जात नव्हता.

दुखतं का, असं जो तो विचारी. ती म्हणे, नाही. ते खोटं नव्हतं. दुखणं केव्हाच मागं राहिलं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होतं, दुसऱ्याच कुणाचं आणून लावल्यासारखं. आणि ते बधिरपण हळूहळू हातातून वर चढत आत कुठंतरी पसरलं होतं. लेकीला, तेजलला, कचेरीत बढती मिळाली. लंकाबाई म्हणाली, बरं झालं. खालच्या मजल्यावरचा माणूस वारला. लंकाबाई म्हणाली, अरेरे. दोन्हींचा आवाज एकच होता. चहा गरम आहे की गार, हे तिला ओठाला लागल्यावर कळायचं आणि कळूनही काही वाटायचं नाही.

तेजलचं घर शहरात, द्वारका चौकाच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली उड्डाणपुलाखालून गाड्यांचा लोंढा दिवसभर वाहत असे. तेजल आणि जावई सकाळी नऊला बाहेर पडत ते सात वाजता परत. मग घरात राहायला कोण, तर झुंबर.

झुंबर म्हणजे लंकाबाईची धाकटी जाऊ. वयानं पाच वर्षांनी लहान, हाडानं काटक, बोलायला चुरचुरीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती पिशवी घेऊन दवाखान्यात आली आणि तेव्हापासून लंकाबाईच्या मागंच उभी होती. शब्दशः मागं, कारण व्यायाम मागं उभं राहून करून घ्यावे लागत.

सकाळी आधी गरम पाण्याची पिशवी मानेवर. मग खुर्चीत ताठ बसवून खांदे कानापर्यंत उचलायचे आणि सोडून द्यायचे. मग पाठीची पाती एकमेकींना भेटवायची. मग हनुवटी मागं ओढायची, गळ्याला वळी पडेपर्यंत. मग कपाळाला तळहात लावून डोकं पुढं रेटायचं आणि हातानं ते अडवायचं, की जोर लागावा पण मान हलू नये. शेवटी डावीकडे गॅलरी दिसेल एवढं वळायचं आणि उजवीकडे देव्हारा दिसेल एवढं. व्यायाम शिकवणाऱ्या अपूर्वाताईंनी सांगितलं होतं, प्रत्येक वेळी दहा आकडे मोजा, तोवर धरून ठेवा.

झुंबर आकडे मोजत नसे. ती ओवी म्हणे. एक ओवी संपेपर्यंत धरायचं, संपली की सोडायचं. तेजल पहिल्यांदा हसली होती. म्हणाली, काकू, मॅडमनी दहा आकडे सांगितलेत, कीर्तन नाही सांगितलं.

"आकडे पळत्यात गं," झुंबर म्हणाली होती. "माणसाला घाई झाली की धा आकडे चारात होत्यात. ओवी पळत नाय."

अपूर्वाताईंनी घड्याळ लावून बघितलं, तर ओवी अकरा सेकंदांची भरली. त्या म्हणाल्या, चालू द्या.

तर रोज सकाळी झुंबरचे दोन्ही तळवे लंकाबाईच्या खांद्यांवर असत आणि डोक्यामागून तिचा किनरा आवाज येई. एके दिवशी तिनं नवीच रचली,

जाऊ गं माझी लंका, एका ताटात जेवली
एकाच गं कापडाची, दोघींनी चिंधी बांधली

लंकाबाईचे खांदे कानाजवळ होते. ओवी संपली तरी ते खाली आले नाहीत. झुंबर म्हणाली, सोडा की जाऊबाई, आता किती येळ धरता. आणि हातानं हलकेच दाबून तिनं ते खाली बसवले.

त्या चिंधीचं असं होतं. टोळीत रीत होती की आपली ओळ संपली की बाईनं ओळीच्या तोंडच्या खांबाला आपल्या कापडाची चिंधी बांधायची. कुणी लाल, कुणी जांभळी, कुणी फुलाफुलांची. मालक बागेत फिरायला आला की चिंधी बघून त्याला कळे, ही ओळ कुणाच्या हातची. चांगली झाली तर त्या रंगाला शाबासकी, बिघडली तर त्या रंगाला बोल. बायका आपला रंग जन्मभर बदलत नसत. पण दोन वर्षांमागच्या वैशाखात पुतण्याचं लग्न झालं. जावाजावांना आहेर करायचा तर एकसारखा करावा, नाहीतर सात जन्म रुसवा धरतील, म्हणून मांडवात दोघींना एकाच गठ्ठ्यातली दोन लुगडी मिळाली. पोपटी, आंब्याच्या काठाची. ब्लाऊज शिवून उरलेल्या कापडाच्या दोघींनीही हौसेनं चिंध्या केल्या. बागेत सगळ्या जणी हसल्या. वत्सलाबाई म्हणाली, आता एकीनं खाल्लं की दुसरीचं पोट भरायचं.

त्या दिवाळीपासून लंकाबाईची बोटं बधिर व्हायला लागली होती. आधी टोकं, मग पेरं. तिनं कुणाला सांगितलं नाही. अठरा जणींचे हात तपासणाऱ्या बाईनं आपलाच हात मेला म्हणून कसं सांगायचं? थंडी आहे, असं ती स्वतःला सांगायची. विरळणी सुरू झाली. एका बागेत सातवी ओळ झुंबरनं रस्त्याच्या अंगानं धरली. निम्मी झाली असेल, तेवढ्यात दोन नव्या पोरी पंधराव्या ओळीत घोळ घालताहेत असं कळलं. लंकाबाईनं झुंबरला तिकडे पाठवलं आणि सातवीचा उरलेला भाग, विहिरीकडचा, स्वतः केला. संध्याकाळी तिनंच खांबाला पोपटी चिंधी बांधली.

कात्रीचं टोक मण्याला लागलं तर बोटांना कळतं. बारीक थरथर येते, हात आपोआप थबकतो. ती थरथर त्या दिवशी आलीच नाही.

महिन्या-दीड महिन्यानं मण्यात पाणी उतरलं आणि सातव्या ओळीतले घड आतून नासले. टोचलेला मणी सडला, त्यानं शेजारचा सडवला. मालक चिंधी हातात धरून टोळीसमोर उभा राहिला. ही कुणाची, म्हणाला. झुंबरच पुढं झाली. म्हणाली, सातवी मी धरली होती. पंधरावीकडं गेल्याचं तिच्या ध्यानातही नव्हतं. हंगामातल्या शेकडो ओळींत कोण ध्यानात ठेवतं? मालकानं लंकाबाईकडे बघितलं. लंकाबाई ओळीच्या कडेनं चालत गेली. रस्त्याकडचा निम्मा भाग सोन्यासारखा होता. नासलेले घड विहिरीकडचे होते. तिनं ते बघितलं, तशीच परत आली आणि म्हणाली, नजर उतरली असेल तिची. मी बघते.

एवढंच. मोठं खोटंसुद्धा नव्हतं ते.

झुंबरनं ते खरं मानलं. निफाडला जाऊन चष्मा करून आणला. डॉक्टर म्हणाला, नंबर अगदी किरकोळ आहे, नाही लावला तरी चालेल. ती म्हणाली, त्याला काय कळतंय, त्यानं कधी विरळणी केलीय? आणखी एक चष्मा केला. तो दोरीनं गळ्यात अडकवून हिंडू लागली. आणि कात्री सोडली. मालकानं सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःहून. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाला माझ्या डोळ्यांनी टाचणी लावली, म्हणाली. तेव्हापासून ती टोळीत क्रेट उचलायची, पाला गोळा करायची, पाणी आणून द्यायची. म्हणून तर लंकाबाईजवळ तीन महिने येऊन राहायला ती मोकळी होती. गावात लोक म्हणाले, झुंबरला काय, तिची कात्री सुटलीय, ती जाईल.

आणि म्हणूनच ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, हा बधिरपणा कधीपासून, तेव्हा फाइल छातीशी धरून झुंबर शेजारी उभी होती आणि लंकाबाई म्हणाली, झाले असतील दोन-तीन महिने. डॉक्टरांनी लिहून घेतलं. एकदा लिहिलेलं मग पक्कं झालं. नर्सनं त्यावरून उतरवलं, अपूर्वाताईंनी त्यावरून उतरवलं. लंकाबाईलाही कधी कधी वाटे, खरंच दोन-तीन महिनेच असतील.

आश्विन लागला. सायखेड्याकडे फळासाठीच्या, गोडी छाटण्या सुरू झाल्या. वत्सलाबाईचा फोन आला, टोळी सध्या तीच बघत होती. तिची नवी सून यंदा हाताखाली येणार होती आणि झुंबरची कात्री नुसती पडून आहे, ती मिळाली तर पोरीचं नशीब उघडेल, असं म्हणाली. झुंबरची कात्री टोळीत नावाजलेली होती, हलकी आणि बारीक टोकाची. झुंबर लगेच हो म्हणाली. खंडेनवमीला सगळ्या बायका आपापल्या कात्र्या धुऊन-पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. त्याच पाटावरून उचलून पोरीच्या हातात द्यायची, असं ठरलं.

झुंबरनं कात्री बरोबरच आणली होती, पिशवीच्या तळाशी, जुन्या मोज्यात घालून. त्या दुपारी गॅलरीत बसून तिनं ती तेलानं पुसली. टोक उन्हात धरून बघितलं, चष्मा न लावताच. मग ती लंकाबाईसमोर आली.

"जाऊबाई, ही तुमच्या हातनं द्या तिला. मुकादम तुम्ही हायत. माझ्या हातनं दिली तर माझी नजर लागायची."

लंकाबाईनं कात्री घेतली. बधिर बोटांत ती आहे की नाही हे तिला बघूनच कळलं. बरं, असं म्हणून तिनं ती टीव्हीच्या कपाटावर ठेवली. संध्याकाळी तेजलनं विचारलं, आई, तू काही बोलत का नाहीस गं? लंकाबाई म्हणाली, मान भरून आलीय. तेजलनं मलम आणलं. मलमाचा झणझणीत वास घरभर पसरला. डोळ्यांत पाणी आणायला तो पुरेसा होता, पण तेही आलं नाही.

नवमी गुरुवारी होती, त्या दिवशी दोघी सायखेड्याला जाणार होत्या. मंगळवारी अपूर्वाताईंकडे जायचा दिवस होता.

त्यांची खोली एका औषधाच्या दुकानावर, माडीवर होती. भिंतीला आरसा, एक पलंग, रबरी पट्टे, फिरतं स्टूल. अपूर्वाताई पंचविशीच्या, केस वर बांधलेल्या, सगळ्या बायकांना मावशी म्हणणाऱ्या. त्यांनी लंकाबाईला स्टुलावर बसवलं आणि मान मोजली. डावीकडे बरीच सुटलीय, म्हणाल्या. उजवीकडे अजून वेळ आहे, पण खांदा उतरलाय, छान. मानेतला ताठरपणा असाच रोज थोडा थोडा निघतो, आळस करू नका, उशी पातळ घ्या, बादली उचलू नका. हे सगळं घरी कोण करून घेतं, असं त्यांनी विचारलं, तसं झुंबरनं दाराजवळून हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. अपूर्वाताई हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे नोकरीला या.

मग त्यांनी लंकाबाईला डोळे मिटायला सांगितले. एका हातात कापूस, दुसऱ्यात टाचणी.

लागतंय का? लागतंय. इथं? लागतंय. इथं? लंकाबाईला वाटलं, अजून कापूस यायचाय. ती थांबून राहिली. इथं, मावशी? काय इथं, असं ती म्हणाली आणि डोळे उघडले. टाचणीचं टोक अंगठ्याच्या पेरात चांगलं रुतलेलं होतं. बारीक लाल ठिपका उमटला होता.

अपूर्वाताईंचं हसू मावळलं. त्यांनी फाइल काढली, मागची पानं बघितली. त्रास दोन-तीन महिन्यांचाच असता तर इतक्या दिवसांत थोडंतरी परत यायला हवं होतं, म्हणाल्या. अजिबातच आलेलं नाही. नसेवर कुठंतरी दाब राहिला असेल. मी डॉक्टरांना चिठ्ठी देते. पुन्हा मशिनमध्ये घालून बघावं लागेल. आणि तसंच काही दिसलं तर...

"परत चिरत्यात का काय?" झुंबर दारातून आत आली.

अपूर्वाताई म्हणाल्या, एवढ्यात तसं म्हणत नाही, पण बघायला हवं.

लंकाबाईला समोर फक्त आरसा दिसत होता. आरशात ती स्वतः, आणि कडेला झुंबरच्या लुगड्याची कड. चेहरा आरशाबाहेर होता. मान वळवली असती तर दिसला असता. पण तेवढी मान वळत नव्हती.

"ताई, माझंच चुकलं आसंल," झुंबरचा आवाज आला. ओव्या म्हणणाराच आवाज, पण खाली बसलेला. "मी अडाणी. खांदे जास्तीच दाबले आसतील, नायतर कमी. आकडे बी मोजले नाय, तुम्ही सांगून सुदिक. मला काय धड जमत नाय. मागं बी माझ्या हातनं आसंच..."

अपूर्वाताई म्हणाल्या, अहो काकू, तसं काही नसतं, तुमचा काय संबंध. पण झुंबर ऐकत नव्हती. ती आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत होती. त्या हातांची सावली आरशाच्या कडेला हलताना लंकाबाईला दिसली.

गुरुवारी हेच हात कात्री सोडून देणार होते, कायमची. आणि ती कात्री पोरीच्या हातात घालणार होती लंकाबाई. आता वर मानेचाही दोष त्या हातांवर चढत होता, आणि झुंबर तोही उचलून घेत होती, खाली वाकून क्रेट उचलावा तसा, कुणी सांगितलं नसताना.

लंकाबाईनं स्टुलाची कड डाव्या हातानं धरली. पाय जमिनीला रोवले. मान तशीच ठेवून ती स्टुलासकट फिरली. स्टूल कुरकुरलं. आरसा गेला, पलंग गेला, भिंतीवरचं मणक्याचं चित्र गेलं आणि झुंबर समोर आली. गळ्यात दोरीनं लोंबणारा चष्मा, तोंड उतरलेलं.

लंकाबाईला वाटलं होतं, हे बोलायची वेळ आली की छातीत काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. आवाज सपाटच निघाला, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"ताई, ते दोन-तीन महिने खोडून टाका. येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील. तवापासून ही बोटं मेलीत."

अपूर्वाताईंनी फाइलमधलं जुनं खोडलं. दोन वर्षं म्हणजे कुठली दिवाळी, हे झुंबरच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. ते तिला आपलं आपण समजेल, म्हणून वाट बघत बसणं लंकाबाईला सोपं होतं. इतके दिवस तिनं तेच केलं होतं.

"झुंबर, तुझे डोळे धड हायत," ती म्हणाली. "सातवीतला तुझा भाग रस्त्याकडचा होता, तो सोन्यासारखा होता. विहिरीकडचा मी केला. तुला मीच पंधरावीकडं धाडलं होतं. मणी माझ्या कात्रीनं टोचले. आन् मालक चिंधी धरून उभा होता ना, तवाच मला ते ठावं होतं."